किडनीचा राखणदार: क्लोथो प्रथिनाची पार्श्वभूमी

सकाळी साडेसातला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही लॅबमध्ये जाऊन बसा. शुगर तपासायला उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत असतात आणि बहुतेकांना मागच्या खेपेचे आकडे तोंडपाठ असतात. माझ्या आईलाही होते. लघवीची बाटली मात्र तिच्या हातात पहिल्यांदा आली, ती मधुमेहाला अकरा वर्षं झाल्यावर. तोवर घोट्यांवर सूज चढली होती, चपलेचा पट्टा पायात रुतायचा. त्यानंतर किडनीविषयी मिळेल ते वाचत गेले, त्यात क्लोथो भेटलं.

लघवीतून प्रथिन जाणं ही खूण जुनीच. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती साकळली की किडनीत बिघाड आहे असं ते समजत. सूज, अशी लघवी आणि खराब झालेली किडनी यांचा संबंध त्यांनी 1827 साली छापून मांडला. मधुमेहाशी नातं कळायला आणखी शंभर वर्षं लागली. 1922 मध्ये इन्सुलिन आलं, मधुमेही माणसं वर्षानुवर्षं जगू लागली, आणि तेव्हाच हा हळू चालणारा आजार डोळ्यांत भरू लागला. 1936 मध्ये किमेलस्टिल आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतल्या गाळणीत पडणाऱ्या गाठींचं वर्णन केलं.

क्लोथो मात्र अपघाताने सापडलं. जपानमध्ये माकोतो कुरो-ओ उच्च रक्तदाबाच्या अभ्यासासाठी उंदरांत एक जनुक घालत होते. ते भलत्याच ठिकाणी जाऊन बसलं आणि तिथलं मूळ जनुक बंद पडलं. ती पिल्लं तीन-चार आठवडे नीट वाढली, मग खुरटली. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलं, हाडं विरळ झाली, दोनेक महिन्यांत ती मेली. 1997 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयुष्याचा धागा कातणाऱ्या ग्रीक देवतेचं नाव त्या बंद पडलेल्या जनुकाला आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला मिळालं. येवल्यात पैठणीच्या मागाजवळ उभं राहिलेल्याला हे नाव लगेच पटेल: ताण्यातला एक धागा तुटला तरी कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो, मगच पुढे विणतो.

माझ्या मते यातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे हे प्रथिन बनतं कुठे. मुख्यतः किडनीच्याच नलिकांमध्ये. 2006 मध्ये त्याचं एक काम स्पष्ट झालं: हाडांतून येणाऱ्या एफजीएफ-23 या संप्रेरकाचा निरोप किडनीला ते पोचवतं आणि जादा फॉस्फेट लघवीवाटे बाहेर जातं. त्याचा एक भाग सुटून रक्तातही फिरतो. किडनीत व्रणासारखे चिवट तंतू वाढवणाऱ्या टीजीएफ-बीटा या प्रथिनालाही ते आवर घालतं, असं उंदरांत दिसलं. मधुमेहात किडनी दुखावली की क्लोथो लवकर घटतं, आणि ते घटलं की किडनी आणखी दुखावते. ज्या मळ्याची राखण करायची, त्याच मळ्यात राखणदाराचं घर, आणि पहिला घाव त्या घरावरच.

क्लोथो बाहेरून देणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. रक्तातलं क्लोथो मोजणाऱ्या वेगवेगळ्या किटांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून रोजच्या उपचारात ती तपासणी नसते. टाइप 2 मधुमेहींमध्ये व्हालसार्टन या रक्तदाबाच्या गोळीने रक्तातलं क्लोथो वाढल्याचं मात्र 2013 मध्ये दिसलं. याच गटातल्या लोसार्टन आणि इर्बेसार्टन या गोळ्या मधुमेहींच्या किडनीची घसरण मंदावतात, हे 2001 मध्येच सिद्ध झालं होतं. 2019 पासून मधुमेहावरच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांचा भक्कम पुरावा त्यात जमा झाला.

तेव्हा आज लॅबमध्ये मागायची तपासणी साधीच आहे: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून किती प्रथिन जातंय त्याचं माप. टाइप 2 असेल तर निदान झालं त्या वर्षापासून, दर वर्षी. आकडा 30 च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) वर आला तर एकाच रिपोर्टवर घाबरायचं नाही. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोराचा व्यायाम यांनीही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासायचं, आणि तीनपैकी दोनदा वाढलेला दिसला की मग तो खरा धरायचा.