वेलगुलाबाची फांदी आडवी का बांधावी?

गच्चीत वेलगुलाब लावला, दोन वर्षांत आठ-दहा फूट चढला, पण फुलं आली ती शेंड्याला चार आणि खालचे दांडे नुसतेच. ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी खताचा डोस वाढवला जातो, आणि वेल आणखी उंच जाते. बहुतेकदा दोष खताचा नसतो. फांदी सरळ उभी बांधलेली असते.

फांदीच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते फांदीतून खाली उतरतं आणि त्याच्या प्रभावामुळे वाटेतले डोळे, म्हणजे नवे फुटवे जिथून निघतात ते कोंब, झोपलेले राहतात. शेंडा सगळ्यांत वर आहे तोवर त्याचंच राज्य. तीच फांदी वाकवून आडवी बांधली की हा वचक सैल होतो आणि वरच्या बाजूचे डोळे ओळीने फुटतात. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळ्या धरतात. म्हणजे तेवढ्याच फांदीवर कितीतरी पट फुलं, तीही नाकाच्या उंचीवर! सुवासिक गुलाबाला याहून चांगली जागा नाही.

गुलाबाला कारल्यासारखे तणावे नसतात आणि जुईसारखा तो आधाराभोवती गुंडाळतही नाही. रानात तो वाकड्या काट्यांनी दुसऱ्या झुडपांत अडकत वर जातो. घरी हे काम आपण करायचं. फांदी हिरवी, लवचीक असतानाच वळवा. जून झालेली मोडते. जाळीवर पंख्यासारखी पसरून, मऊ सुतळीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा देऊन बांधा. पूर्ण आडवी होत नसेल तर तिरकी चालेल.

छाटणीचं गणितही इथे वेगळं आहे, आणि ते मला या झाडाचं सगळ्यांत सुंदर रहस्य वाटतं. गुलाबात केएसएन नावाचं एक जनुक फुलणं रोखून धरतं. चिनी गुलाबांत फार पूर्वी या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसला, ते निकामी झालं आणि बारमाही फुलणारा बुटका गुलाब जन्मला. ‘ओल्ड ब्लश’ हा त्यातलाच. पण याच ‘ओल्ड ब्लश’च्या एका वेली प्रकारात तो तुकडा जवळजवळ सगळा निघून गेलेला सापडला. रोखणारं जनुक पुन्हा जागं झालं, फांद्या लांबच लांब वाढू लागल्या आणि बहर वर्षातून एकदाच येऊ लागला. एकदाच बहरणाऱ्या अशा वेली गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. आपल्याकडे ऑक्टोबरात झुडपी गुलाबाची कडक छाटणी करतात; ती यांच्यावर केली तर येणारा बहरच कापला जातो. त्यांची छाटणी बहर संपल्यावर करावी. बारमाही वेलींच्याही मुख्य फांद्या राखाव्यात, फक्त आखूड फुटवे दोन-तीन डोळ्यांवर कापावेत.

सुगंधाचं काय? तो पाकळीच्या पेशींत तयार होतो आणि मुख्यतः वाणावर ठरतो. 2015 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी अत्यंत सुवासिक ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ निर्गंध ‘रूज मेयाँ’ यांची तुलना केली. गुलाबाचा ओळखीचा वास देणारं जिरॅनिऑल ज्या विकराच्या मदतीने बनतं, ते सुवासिक वाणात भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य निघालं. तेव्हा वास खताने आणता येत नाही, रोपवाटिकेत हुंगूनच रोप निवडायला हवं. शक्यतो सकाळी जा. दुपारच्या उन्हात वास पटकन उडून जातो. चहासारखा वास आवडत असेल तर 1864 सालचा पिवळा ‘मारेशाल नील’ शोधा. त्याची फुलं माना खाली घालतात, म्हणून त्याला मांडवावर चढवावं.

बाकी गरजा साध्या आहेत: निदान पाच-सहा तास ऊन, खोल कुंडी, निचरा होणारी माती. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं, त्यामुळे संध्याकाळी पानांवर फवारा मारणं म्हणजे तिला आमंत्रणच. कलमाच्या जोडाखालून फुटलेला कोंब दिसला की मुळाशी जाऊन उपटून काढा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचा असतो आणि वरच्या वाणाला उपाशी ठेवतो.