सेंट वर्क, लाँग लाइन आणि ई-कॉलरचा वाद: पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईत कुत्री पाळणाऱ्यांमध्ये हल्ली दोन गोष्टींची चर्चा जोडीनं चालते, सेंट वर्क (लपवलेला ठरावीक वास कुत्र्यानं नाकानं हुडकायचा खेळ) आणि पट्टा काढून फिरवणं. वरवर दोन्ही वेगळे छंद वाटतात, पण टेकडीवर मोकळं सोडलेलं कुत्रं हाका मारूनही येत नाही तेव्हा बरेचदा त्याचं नाक कशात तरी गुंतलेलं असतं, आणि या नाकाला किती मोकळीक द्यायची हा प्रश्न पोलीस, शिकारी आणि मिलिटरीवाले सव्वाशे वर्षं सोडवतायत, आपण पेटवाले त्यात फार उशिरा आलो.

जुनं थोडक्यात. 1888 मध्ये लंडनला जॅक द रिपर या गाजलेल्या सीरियल किलरच्या वेळी पोलिसांनी ब्लडहाउंड (वासावर माग काढणारी कुत्री) आणून हाइड पार्कात चाचण्या घेतल्या, तपासात मात्र त्यांचा काही उपयोग झाला नाही. 1899 मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरात पद्धतशीर पोलीस श्वान पथक उभं राहिलं, आणि तिथून हे लोण जर्मनीत गेलं. 1910 मध्ये एका जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं ट्रेनिंगचं मॅन्युअल लिहिलं, त्यात कौतुक-बक्षीस आहे पण पाया जबरदस्तीचाच, आधी धाक आणि मग लाड. आज आपल्याकडं 'मिलिटरी स्टाइल ओबिडियन्स' म्हणून जे विकलं जातं त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथं आहे.

याच अधिकाऱ्याचं दुसरं काम मात्र लोकांना फारसं माहीत नसतं आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. 1920 च्या दशकात त्यानं माणसाला केबलला लटकवून जमिनीला पाय न लावता शेतावरून नेलं, कुत्र्यांना माग लागेना. उलट माणसाशिवाय, नुसत्या चाकासारख्या यंत्रानं जमिनीवर ठसे उमटवले तर कुत्री त्यामागं सरळ चालत गेली. म्हणजे माग काढणारं कुत्रं बरेचदा चिरडलेलं गवत आणि उकरलेली माती हुंगत असतं, त्या विशिष्ट माणसाचा वास त्यात असेलच असं नाही. 'कुत्र्यानं आरोपीच दाखवला' या छातीठोक दाव्यांना तिथंच खिंडार पडलं.

आपल्याकडं हा मुद्दा कोर्टात पोहोचला तो महाराष्ट्रातल्याच रेल्वे घातपाताच्या एका खटल्यामुळं. 1969 च्या त्या निकालात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं पोलिसी कुत्र्याच्या पुराव्यावरचे तीन आक्षेप मांडलेत: कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, हँडलर (कुत्रं हाताळणारा पोलीस) जे सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते, आणि माणसाचं आयुष्य कुत्र्याच्या अनुमानावर सोडायचं का. पथकं मात्र वाढतच राहिली, मद्रासला 1951 पासून होतीच. आणि मराठी माणसाला यातलं एक नाव हमखास आठवतं ते 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतरचं, पुण्यात ट्रेनिंग झालेला लॅब्रॅडॉर जंजीर, ज्यानं 3,300 किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं.

जंजीरच्या कामात आणि मागावरच्या कुत्र्याच्या कामात फरक आहे, एकानं ठरलेला वास हुडकायचा, दुसऱ्यानं जमिनीवरचा माग धरायचा, आणि ट्रेनिंगच्या दृष्टीनं खरा सांधा इथंच बदलला. 1972 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर एका जर्मन शेफर्डनं विमानातला बॉम्ब फुटायच्या काही मिनिटं आधी हुडकला, त्यानंतर स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांची मागणी एकदम वाढली, आणि ट्रेनर लोकांच्या लक्षात आलं की बस-उठ दमदाटीनं करून घेता येतं पण शोध घेता येत नाही, कारण शोधायची इच्छाच मेली तर कुत्रं नुसतं खोलीत फेऱ्या मारतं आणि हँडलरच्या तोंडाकडं बघतं. मग बॉल, टॉवेल, रस्सीखेच, जे त्याला प्रिय असेल ते त्या वासाशी जोडलं गेलं. स्फोटकवाल्या कुत्र्याला खरवडायचं नाही, शांत बसून दाखवायचं, हेही बक्षिसावरच शिकवलं जातं. खाकीतल्या जगात बक्षिसाचं ट्रेनिंग रुजलं ते अशा नाकाच्या कामातून.

हौशी लोकांसाठी अमेरिकेत 1930 च्या दशकात ट्रॅकिंगच्या परीक्षा आल्या, लांब दोरीवर म्हणजे लाँग लाइनवर, कुत्रं पुढं आणि माणूस मागं. पण आज ज्याला आपण सेंट वर्क म्हणतो तो खेळ 2000 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात तयार झाला, व्यावसायिक शोधकुत्री घडवणाऱ्या मंडळींकडून. एका वेळी एकच कुत्रं, त्यामुळं भुंकणारी, घाबरणारी, दुसऱ्या कुत्र्याला बघून पेटणारी कुत्रीही खेळू शकतात. वास ठरले बर्च, अॅनिस आणि लवंग, स्वीडनकडं निलगिरी, तमालपत्राचा प्रकार आणि लॅव्हेंडर. आपल्याकडं यातला गमतीदार घोळ असा की लवंग प्रत्येक मसाल्याच्या डब्यात, आणि बर्च तेलात जे मुख्य द्रव्य असतं तेच सांधेदुखीच्या मलमात, तेव्हा आजी असलेल्या घरात बिचाऱ्या कुत्र्यानं बसून दाखवायचं तरी कुठं कुठं! (बर्चचं तेल कुत्र्याच्या पोटात जाणं घातक आहे, म्हणून ते भोकं पाडलेल्या बंद डबीतच.) हँडलरचाही घोळ कमी नाही. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात 18 प्रशिक्षित जोड्यांना अशा खोल्यांत शोधायला लावलं जिथं काहीच लपवलेलं नव्हतं, हँडलरना मात्र आहे म्हणून सांगितलं होतं, तर 144 शोधांपैकी फक्त 21 बिनचूक निघाले. बाकी सगळीकडं कुठं ना कुठं इशारा दिल्याची नोंद.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ते, ई-कॉलर, म्हणजे विजेचा झटका देणारा गळ्यातला पट्टा. हे यंत्र 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शिकारी हाउंडवाल्यांसाठी आलं, रॅकून या छोट्या जंगली प्राण्याच्या मागावर सोडलेलं हाउंड हरणाच्या वासावर भरकटलं तर मैलभर लांबून त्याला शिक्षा करता यावी म्हणून. म्हणजे ई-कॉलरचा जन्मच मुळी नाक आणि मोकळीक यांच्या भांडणात झालाय. सुरुवातीची यंत्रं जोरकस होती, नंतर कमी-जास्त करता येणारी आली, मग 'शॉक' शब्द मागं पडून 'स्टिम' (झटकाच, सौम्य नावानं) आणि 'वर्किंग लेव्हल' (कुत्र्याला जेमतेम जाणवेल इतका झटका) असली भाषा आली, जी ऐकायला बरी वाटते.

ई-कॉलरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. इंग्लंडमध्ये मेंढरांच्या मागं लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्यानं गोळी घातली तर त्याला कायद्यानं बचाव मिळू शकतो, तर अशा कुत्र्याला जन्मभर दोरीवर ठेवण्यापेक्षा दोन-चार झटके देऊन मोकळं फिरवलं तर काय वाईट, असा त्यांचा सवाल. 2024 मध्ये अमेरिकेत 19 कुत्र्यांवर झालेला एक अभ्यासही ते पुढं करतात, पळत्या आमिषामागं धावणं थांबवायला ई-कॉलरच्या गटाला एक-दोन सेशन पुरली, खाऊवाल्या गटांना जमलं नाही. पण तिथं खाऊवाल्यांना जे शिकवलं त्याला बोलावल्यावर परत येण्याचं खरं ट्रेनिंग म्हणायचं का, यावर टीका झाली आणि मला ती पटते. उलट बाजूला 2020 चा ब्रिटिश अभ्यास आहे, 63 कुत्री, सगळी मोकळं सोडल्यावर न ऐकणारी, तीन गट, ई-कॉलरच्या गटाला कंपन्यांनीच सुचवलेले ट्रेनर, तरी बक्षीसवाल्या गटाचा निकाल तितकाच किंवा सरस. पाचच दिवसांचं ट्रेनिंग होतं हे खरं, पण ते सगळ्याच गटांना.

कायद्यांचा प्रवास आणखी वाकडातिकडा. जर्मनीत 2006 च्या निकालानं ठरलं की त्रास देऊ शकणारं असं यंत्र ट्रेनिंगला वापरणंच मना, तुम्ही बटण हलकं दाबता की जोरात हा प्रश्नच नाही. वेल्सनं 2010 मध्ये बंदी घातली, अदृश्य कुंपणाच्या (हद्द ओलांडली की आपोआप झटका देणाऱ्या) कॉलरसकट. इंग्लंडनं फक्त हातातल्या रिमोटवाल्या कॉलरवर बंदी आणायचं ठरवलं, कुंपणवाली वगळली, 2023 मध्ये खालच्या सभागृहात नियम मंजूर झाले, 1 फेब्रुवारी 2024 ही तारीख ठरली आणि ती तारीख तशीच निघून गेली. म्हणजे सीमेच्या अलीकडं वेल्समध्ये गुन्हा आणि पलीकडं इंग्लंडात दुकानात विक्री.

भारतात तर ही कॉलर कुणीही ऑनलाइन मागवतो, सोबत ट्रेनर असो नसो. प्राण्यांवरच्या क्रूरतेचा आपला 1960 चा कायदा पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड सांगतो, शिक्षा वाढवणारा मसुदा 2022 मध्ये लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. माणसाला धोका झाला तर मात्र गोष्ट वेगळी, पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम 289 होतं ते आता भारतीय न्याय संहितेत 291 झालंय, निष्काळजीपणे प्राणी मोकळा ठेवल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि युरोपातले ऑफ-लीशचे (पट्टा काढून फिरवण्याचे) नियम इथं जसेच्या तसे बसत नाहीत. तिकडं मुख्य भीती मेंढरांची, इकडं धनगरांचे कळप आहेतच पण त्यांची राखण करणारी कुत्रीही आहेत, वस्तीवरची भटकी टोळी आहे, जुन्नरसारख्या भागात बिबट्या आहे. समोरून चार भटकी कुत्री आली की आपल्या कुत्र्याला नेमक्या त्या क्षणी झटका बसला तर तो झटका त्याच्या डोक्यात कुणाच्या नावावर जमा होईल? शिवाय कारवान हाउंडसारखं शिकारी जातीचं कुत्रं नाकापेक्षा डोळ्यांवर धावतं, ससा दिसला की संपलं, तिथं सेंट वर्कचाही उपयोग मर्यादितच. बाकीच्यांसाठी हल्ली बरेच ट्रेनर पोलिसांचीच जुनी दहा मीटरची लाँग लाइन हार्नेसला (छाती-पाठीवरच्या पट्ट्याला) लावतात, गवतात खाऊ विखरून 'शोध' म्हणतात, आणि हुंगता हुंगता कुत्रं स्वतःहून मान वर करून आपल्याकडं बघतं तेव्हाच हाक मारतात, आलं की बक्षीस म्हणून परत हुंगायला सोडतात. पट्टा निघायला यात महिनोन् महिने जातात, काही कुत्र्यांचा कधीच निघत नाही.