घरातला स्टुडिओ : आधी खोली, मग सामान

घरी रेकॉर्डिंग करायचे ठरले की यादी माईकपासून सुरू होते. मग इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी पेटी), स्पीकर, हेडफोन, कीबोर्ड असे करत ती वाढत जाते आणि खोलीचा विचार सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत होतो. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा क्रम उलटा करायला सांगतो. आधी काय घ्यावे, मागाहून काय घेतले तरी चालते आणि असे का, हे समजावे म्हणून हे माहितीपत्रक.

माईकमध्ये गायकाच्या आवाजाबरोबर खोलीही येते. मिक्सिंग करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवतानाही, तेच घडते. स्पीकरमधला आवाज तुमच्या कानांपर्यंत एकदा थेट पोहोचतो आणि लगोलग भिंतींवरून, छतावरून, टेबलावरून परतून पुन्हा येतो. खोली बेस फुगवून ऐकवत असेल तर तुम्ही मिक्समधला बेस कमी करता आणि तेच गाणे दुसरीकडे वाजवले की पोकळ वाटते. अशा वेळी लोक स्पीकर बदलतात. स्पीकर बिचारा बरोबर वाजत असतो.

खोली निवडताना

घरात निवडीला वाव असेल तर लांबट खोली घ्या. लांबी, रुंदी, उंची जवळपास सारखी असलेली खोली सर्वांत त्रासाची. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, तो सूर त्या खोलीत घुमतो. चार मीटर लांबीला हा सूर ४३ हर्ट्‌झच्या आसपास येतो, तीन मीटर रुंदीला ५७ हर्ट्‌झच्या. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्‌झचा असतो, म्हणजे घोळ होतो तो नेमका बेस आणि किक ड्रमच्या पट्ट्यात. तिन्ही मापे सारखी असली की तिन्ही दिशांचा घुमारा एकाच सुरावर जमा होतो.

हे स्वतः ऐकून पाहा. रेकॉर्डिंगच्या जवळपास कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये शुद्ध सूर काढायची सोय असते. तुमच्या खोलीच्या लांबीला जो आकडा येतो (३४३ भागिले लांबीच्या दुप्पट) तो सूर बेताच्या आवाजात लावा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चालत जा. भिंतीजवळ तो भरदार ऐकू येईल, मध्यावर जवळजवळ नाहीसा होईल, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा भरेल. स्पीकर तोच, सूर तोच, बदलली ती फक्त तुमची जागा. दोन मिनिटांच्या या चालण्याने जे कळते ते आम्ही कितीही समजावले तरी पटत नाही, म्हणून ग्राहकांना हे आवर्जून करायला लावतो.

यातूनच खुर्चीची जागा ठरते. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये, मागच्या भिंतीला टेकूनही बसू नये. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करावी. चार मीटरच्या खोलीत ते अंतर सुमारे दीड मीटर होते. हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. तिथून थोडे पुढेमागे सरकत ओळखीची गाणी ऐका आणि जिथे बेसचे सगळे सूर एकसारखे लागतात तिथे खुर्ची पक्की करा.

भिंतींवर काय लावायचे

अंड्यांचे ट्रे लावू नका. एखाद-दोन इंचांचा पातळ फोमही सगळ्या भिंतींना चिकटवू नका. दोन्हींची पोहोच वरच्या पट्टीपुरती असते. खणखणीतपणा शोषला जातो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली कोंदट होते. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम फार लवकर पेट घेतो, हे विसरू नये.

काम होते ते जाडीने. रॉकवूल किंवा ग्लासवूलचे १० सेंटिमीटर जाडीचे थर लाकडी चौकटीत बसवून त्यावर कापड ताणायचे. कापडाची परीक्षा सोपी आहे : तोंडाला लावून फुंकर मारा, हवा सहज पार गेली तर आवाजही जाईल. चौकट भिंतीला चिकटवण्याऐवजी मागे १० सेंटिमीटर जागा सोडली तर त्याच पॅनेलची पकड आणखी खालच्या सुरांपर्यंत जाते, कारण भिंतीलगत हवेचे कण फारसे हलत नाहीत आणि हे साहित्य हलत्या हवेलाच अडवते. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला विसरू नका.

पॅनेल कुठे लावायचे हे आरसा सांगतो. तुम्ही खुर्चीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून, तुमच्या कानांच्या उंचीवर, आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. आवाज भिंतीवरून उडून सर्वांत आधी तुमच्याकडे येतो तो याच जागेवरून. दोन्ही भिंती झाल्या की छतावरही हेच करा. त्यानंतर कोपरे घ्या. खालचे सूर कोपऱ्यांत साचतात, म्हणून तिथे जमेल तेवढे जाड भरावे. पुस्तकांनी भरलेले कपाट किंवा मोठा सोफा मागच्या भिंतीला असेल तर तो काढू नका, त्याची मदतच होते.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना आधीच सांगितलेली बरी. यामुळे खोलीतला आवाज सुधारतो, शेजारी जाणारा आवाज थांबत नाही. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर लागते वजन आणि हवाबंदपणा : जड दार, चौकटीभोवती रबरी पट्ट्या, दाराखालची फट बंद, खिडकीला दुसरी काच. ते बांधकामाचे काम आहे, पॅनेलचे नाही. आणि खऱ्या ड्रमसेटचे हादरे जमिनीतून जातात, तेव्हा शेजार असलेल्या घरात तो वाजवायचा बेत आम्ही मोडूनच काढतो.

स्पीकर आणि हेडफोन

लहान खोलीला पाच इंची मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगचे स्पीकर, पुरतात. आठ इंची घेतले की बेस आणखी खाली जातो आणि खोलीचा घुमारा वाढतो. दोन स्पीकर आणि तुमचे डोके असा समभुज त्रिकोण करा. वरचा छोटा ट्विटर कानाच्या उंचीला यावा. समोरच्या भिंतीपासून स्पीकर एक मीटर पुढे काढले तर भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाला ८६ हर्ट्‌झच्या आसपास खाऊन टाकतो. म्हणून लहान खोलीत ते भिंतीलगत ठेवून स्पीकरच्या मागच्या बटणाने बेस थोडा उतरवणे आम्हाला जास्त पसंत आहे.

खोलीत पॅनेल लावणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ घर भाड्याचे असेल, तर स्पीकरची खरेदी पुढे ढकला आणि चांगले हेडफोन आधी घ्या. गाताना घालायला बंद पाठीचे, नाहीतर मेट्रोनोमची टिकटिक माईकमध्ये उतरते. मिक्सिंगला उघड्या पाठीचे सुखाचे.

आवाज मात्र बेताचाच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. आवाज जसजसा वाढतो तसतसे हे तास झपाट्याने कमी होतात. कान गेले की ते परत मिळत नाहीत.

माईक

माईकच्या दोन प्रकारांपैकी कंडेन्सर चांगला आणि डायनॅमिक साधा, असा समज सगळीकडे आहे. आम्हाला तो मान्य नाही. कंडेन्सर बारीकसारीक टिपतो, पण पॅनेल नसलेल्या खोलीत लांबून गायले तर तो पंखा, रहदारी आणि भिंतीही टिपतो. डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून वापरायचा असतो, म्हणून खोली मागे पडते. १९६६ साली आलेला शूर एसएम५८ आजही जगभर वापरात आहे, तो उगाच नाही. कंडेन्सर घेतलात तर इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण चालू करावे लागते. जुन्या रिबन माईकला मात्र हा वीजपुरवठा देऊ नये.

माईकपेक्षा जागा महत्त्वाची. अंतर निम्मे केले की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी), आणि माईक किंचित तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट आत जात नाही. कार्डिऑइड माईक पाठीमागचे कमी ऐकतो, म्हणून पाठ संगणकाकडे करावी. त्याच्या समोर येते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. जाड रजई किंवा पॅनेल तिथे हवे. बहुतेक जण ते माईकच्या मागे लावतात आणि फरक का पडत नाही म्हणून विचारतात.

गिटारसाठी माईक भोकासमोर ठेवला तर आवाज ढबढबीत येतो. बाराव्या पट्टीच्या समोर, वीस-तीस सेंटिमीटरवर ठेवून पाहा.

इंटरफेस, संगणक आणि उशिरा येणारा आवाज

एकट्याने काम करणाऱ्याला दोन इनपुटचा इंटरफेस पुष्कळ झाला. सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा. २४ बिटमध्ये जागा इतकी मोकळी असते की गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ताणायची गरजच नाही. सर्वांत मोठा आवाज वजा १० डेसिबलच्या खाली राहील असा गेन लावा. आवाज एकदा फाटला की पुढे दुरुस्त होत नाही.

‘हेडफोनमध्ये माझाच आवाज मागाहून येतो’ ही तक्रार आम्ही सर्वांत जास्त ऐकतो. यंत्र बिघडलेले नसते. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्यांनी हाताळतो आणि त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्‌झला १०२४ चा बफर भरायला २१ मिलिसेकंद लागतात, आवाज आत येताना आणि परत बाहेर जाताना मिळून चाळिसाच्या वर. एवढ्याने गायकाची लय ढेपाळते. बफर १२८ वर आणला की तो भरायला २.७ मिलिसेकंद. तुलनेसाठी : हवेतून आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर साडेतीन मीटरवरच्या स्पीकरइतकाच. रेकॉर्डिंगला बफर लहान, मिक्सिंगला मोठा, अशी सवय लावा. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारे सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय तक्रार घेऊन येऊ नका. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असेल तर प्रश्नच मिटतो, आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो.

संगणकाला १६ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात, त्यामुळे डिस्क वाटते तितक्या लवकर भरत नाही. पण प्रत आणखी दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. सॉफ्टवेअर कोणते, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रीपर, एबलटन लाइव्ह, लॉजिक, क्यूबेस, कशातही पूर्ण गाणे होते. ज्याच्याकडून शिकणार आहात तो जे वापरतो ते घ्या.

स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वळशाचा (ग्राउंड लूपचा) आहे, म्हणजे यंत्रे एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेली आहेत. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर घ्या आणि बॅलन्स्ड केबल (बाहेरची घरघर कापणारी तीन जोडण्यांची केबल) वापरा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे. स्पीकर सर्वांत शेवटी चालू करावेत आणि सर्वांत आधी बंद.

आमच्याकडे येण्यापूर्वी

खोलीची लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून आणा. दारे, खिडक्या आणि शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत कागदावर दाखवा. एका वेळी किती जण वाजवणार, काय वाजवणार आणि खोलीत दुसरे कोण राहते तेही सांगा. रिकाम्या खोलीत मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पॅनेल लावून झाल्यावर त्याच जागी पुन्हा टाळी वाजवू आणि दोन्ही तुम्हाला शेजारीशेजारी ऐकवू. माईकची निवड त्यानंतर करू.