सुई टोचण्याआधीचं वाक्य

इंजेक्शन देण्याआधी रुग्णाशी काय बोललं जातं, यावर ते किती दुखणार हे काही अंशी ठरतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे चक्क मोजलं गेलं. प्रसूतीसाठी दाखल झालेल्या १४० महिलांना पाठीतून भूल देण्यापूर्वी कातडी बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं होतं. काही जणींना सांगितलं, ‘आता ही जागा बधिर होईल, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही.’ बाकीच्यांना सांगितलं, ‘मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात त्रासाचा भाग हाच.’ दुखण्याला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे होते. पहिल्या गटाचा मध्यक, म्हणजे गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३ आला, दुसऱ्याचा ५. वेगळं होतं ते फक्त वाक्य.

मधमाशीचं वाक्य बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. रुग्णाला आधी कल्पना द्यावी, एवढंच त्याच्या मनात असतं. पण ‘दुखेल’ हे ऐकून वाढलेली चिंता मनापुरती राहत नाही. अशा वेळी मेंदूत कोलेसिस्टोकायनिन नावाचं रसायन वेदनेचे संदेश पुढे जायला मदत करतं. इटालियन संशोधक फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी त्या रसायनाला अडवणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा नकारात्मक सूचनेमुळे वाढणारी वेदना रोखली गेली. उलट बाजूचा पुरावा त्याहून जुना आहे. दाढ काढलेल्या रुग्णांवर १९७८ साली झालेल्या प्रयोगात, नुसत्या अपेक्षेने मिळणारा आराम नॅलोक्झोन या औषधाने कमी झाला. नॅलोक्झोन मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांचा परिणाम रोखतं. म्हणजे दिलासा मिळाल्यावर शरीर स्वतःचं वेदनाशामक तयार करत असावं, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

बेनेदेत्तींच्या गटाचं आणखी एक निरीक्षण मला प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवावंसं वाटतं. शस्त्रक्रियेनंतरच्या काही रुग्णांना वेदनाशामक समोर उभं राहून, ‘हे दुखणं कमी करायचं औषध आहे’ असं सांगून दिलं. इतरांना तेच औषध त्यांच्या नकळत पंपातून सोडलं. सांगून दिलेल्या औषधाचा गुण जास्त आला. आता वॉर्डातलं रोजचं दृश्य आठवा. नर्स येते, सलाइनच्या नळीत औषध सोडते, चार्टवर सही करते आणि पुढच्या खाटेकडे वळते. ‘हे दुखण्याचं औषध आहे, थोड्या वेळात बरं वाटायला लागेल’ हे सांगायला काही सेकंद लागतात. ते राहून गेलं की औषधाच्या गुणातला थोडा भाग वाया जातो.

याचा अर्थ खोटी गोड आश्वासनं द्यावीत, असा मुळीच नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ असं सांगून लहान मुलाला सुई टोचली, तर पुढच्या वेळी ते मूल कुणावरच विश्वास ठेवत नाही. मोठ्यांचंही तेच. ‘काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ या वाक्याने रुग्णाची भीती जात नाही, तो ती बोलून दाखवायचं बंद करतो. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच अशा पोकळ दिलाशावर कडक टीका केली होती. त्यांची दुसरी सूचना अगदी साधी होती: रुग्णाला मान वळवावी लागणार नाही, अशा जागी बसून बोला. ‘कशाची भीती वाटतेय?’ असं विचारून उत्तरासाठी थांबणं त्या दिलाशापेक्षा अवघड असतं, पण उपयोगी तेच पडतं.

तसंच ‘समजलं ना?’ या प्रश्नाचं. त्यावर जवळजवळ सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघते, घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल ते मला सांगा’ असं म्हटलं की चूक तिथल्या तिथे सापडते. उपाशीपोटी घ्यायची गोळी कुणी जेवणानंतर घेणार असतो, तर कुणी बरं वाटताच बंद करणार असतो.

मग हे सगळीकडे का होत नाही? नर्सना माया नसते म्हणून, असं समजणं अन्यायाचं आहे. इसाबेल मेन्झीस या मनोविश्लेषकांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सच्या कामाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास त्याबद्दल लिहिलं. तिथे रुग्णाचा उल्लेख नावाने न होता ‘दहा नंबरच्या खाटेवरचं यकृत’ असा व्हायचा. प्रत्येक नर्सकडे अनेक रुग्णांची थोडीथोडी कामं दिलेली, त्यामुळे कुणा एकाशी नातं जुळायचंच नाही. मेन्झीस यांच्या मते ही मरणाच्या आणि यातनांच्या सततच्या सहवासापासून नर्सना वाचवण्यासाठी नकळत उभी राहिलेली भिंत होती. पण तिने चिंता कमी झाली नाही, कामातलं समाधान मात्र गेलं, आणि शिकायला आलेल्या अनेक मुली शिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या.

म्हणून एखाद्या नर्सला ‘रुग्णांशी गोड बोला’ अशी तंबी देऊन काही साधत नाही. तिच्या पाळीत किती रुग्ण आहेत, उद्याही त्याच रुग्णांकडे तिची ड्यूटी असेल का, आणि खाटेशेजारी बसून बोलण्यात गेलेला वेळ काम म्हणून धरला जातो का, हे पाळ्या लावणाऱ्यांच्या हातात असतं.