क्रॉल स्पेसमधील ओलावा (दमट प्रदेश)

अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया वगैरे राज्यांत, पुष्कळ घरांना तळघर नसते. जमीन आणि तळमजल्याच्या लाकडी तुळया यांच्यामध्ये जेमतेम सरपटत जाता येईल एवढी पोकळी असते. तीच क्रॉल स्पेस.

भिंतीत झरोके ठेवले की ही पोकळी वाळते, असा जुना समज. दर 150 चौरस फुटांमागे 1 चौरस फूट झरोका हा नियमही त्यातूनच आला. दमट उन्हाळ्यात तो अंगाशी येतो. बाहेरची 32 अंश सेल्सिअसची, 60 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा आत येऊन 24 अंशांपर्यंत निवली की आर्द्रता 95 टक्क्यांवर जाते; साधारण 23 अंशांना दव धरते. एसीच्या गार डक्टला घाम फुटतो, तुळयांमधले उष्णतारोधक फायबरग्लास भिजून लोंबू लागते. वरच्या लाकडी फरशीच्या फळ्या खालून फुगतात, कडा उचलल्या जातात. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या वर टिकला की कुजण्याची धास्ती असते.

उपायांत क्रम चुकवून चालत नाही. आधी पावसाचे पाणी: पन्हळीचे नळ घरापासून लांब सोडावेत आणि पहिल्या 10 फुटांत जमिनीला 6 इंच उतार द्यावा. पाणी आत साचतच असेल, तर चर आणि संप पंप (खड्ड्यात जमलेले पाणी बाहेर फेकणारा पंप) लागतो. मग जमिनीवर किमान 6 मिल (0.15 मिमी) जाडीचे पॉलिथिन अंथरतात. जोडांवर 6 इंचांचा पदर घेऊन टेप मारतात, कडा भिंतीवर चढवून पक्क्या करतात. भिंतीच्या माथ्याशी सुमारे 3 इंच पट्टी उघडी ठेवतात, नाहीतर वाळवीने भिंतीवर चढवलेल्या मातीच्या वाटा दिसणारच नाहीत. शेवटी झरोके बंद करून 50-55 टक्के आर्द्रतेवर लावलेला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारे यंत्र) बसवतात किंवा दर 50 चौरस फुटांमागे मिनिटाला 1 घनफूट एसीची हवा सोडतात. नॉर्थ कॅरोलायनातील प्रिन्सव्हिल येथील घरांच्या तुलनात्मक अभ्यासात झरोके असलेल्यांपेक्षा बंद क्रॉल स्पेस अधिक कोरड्या आढळल्या आणि विजेचा खर्चही कमी आला.

नुसते प्लास्टिक टाकून झरोके उघडेच ठेवणे हे अर्धे काम; हवेतली वाफ येतच राहते. कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी पोकळीत सोडलेली असेल, तर सगळेच पाण्यात. आत घर गरम करणारी गॅसची भट्टी असल्यास झरोके बुजवण्याआधी तिला बाहेरून हवा घेणारी बंदिस्त रचना हवी, कारण धूर उलटा फिरून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. फार ओली जागा सावकाश वाळवावी; घाई केल्यास फळ्यांमध्ये फटी पडतात.