ओतीव लघुमूर्ती (नाशिक परिसर)

वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतून घडवलेल्या, साधारण वीतभर उंचीच्या आतल्या देवदेवता, प्राणी व स्वार यांच्या मूर्ती. मुख्य धातू पितळ. त्याखालोखाल तांबे, चांदी व पंचधातू. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, नंदी आणि म्हाळसेसह घोड्यावर बसलेला खंडोबा हे नेहमीचे प्रकार. देवघरात यांच्या शेजारीच असणारे टाक मात्र या नोंदीत येत नाहीत. टाक हा पत्रा ठोकून उठाव दिलेला असतो, ओतलेला नसतो. हाच भेद कारागिरांतही आहे. नाशिकची तांबट आळी प्रसिद्ध असली, तरी तांबटाचे काम पत्र्याचे व हातोडीचे. ओतकाम करणारा तो ओतारी.

प्राचीनता : गोदावरीच्या खोऱ्यात ओतीव धातुमूर्तींची परंपरा किती मागे न्यावी, हा प्रश्न दायमाबादच्या शिल्पांभोवती फिरतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार भरीव वस्तू मिळाल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा. रथात उभा सारथी असून दांडीवर एक कुत्रा उभा आहे. चारींचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक, त्यामुळे या ‘लघुमूर्ती’ नव्हेत. परंतु मेणाच्या साच्याचे तंत्र (मेणाच्या आकृतीवर माती लिंपायची, तापवून मेण काढायचे व त्या पोकळीत रस ओतायचा) या प्रदेशात केव्हा आले, याचा विचार त्यांना वगळून होत नाही. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर व दायमाबादचे उत्खनक एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे इ. स. पू. २००० च्या सुमाराच्या मानल्या. धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त असून त्या काळच्या इतर ताम्रवस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, असा आक्षेप धर्मपाल अग्रवाल यांनी घेतला व काळ बराच अलीकडे ओढला. या वस्तू रीतसर उत्खननाच्या थरांतून आलेल्या नसल्याने शैलीचा पुरावा अधिक वजनाचा ठरतो आणि तो पहिल्या मताकडे झुकतो. खुद्द नाशिक येथे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये केलेल्या उत्खननाने वस्ती ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेली. मात्र तेवढ्यावरून आजच्या ओतकामाचा धागा थेट तिथे बांधणे धाडसाचे होईल.

तंत्र : मेणाच्या साच्याचा विधी (मधूच्छिष्टविधान) कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात येतो. ग्रंथाचा काळ इ. स. ११२९ च्या सुमारास, काहींच्या मते ११३१. मेणाच्या आकृतीवर मातीचे तीन लेप द्यावेत, ते सावलीत वाळवावेत. मातीत जाळलेला तूस, बारीक कातरलेला कापूस व मीठ असावे, असे तो सांगतो. मेण आधी तोलायचे व त्यावरून धातू काढायचा : पितळ-तांबे आठ किंवा दहा पट, चांदी बारा पट, सोने सोळा पट. सोन्याचा सोडता हे आकडे घनतेच्या हिशेबाशी बरेचसे जुळतात; शुद्ध सोने मेणाच्या सुमारे वीस पट भरते. लिहिणाऱ्यामागे भट्टीजवळचा अनुभव होता, हे यातून दिसते.

मेणावर घडवलेला मातीचा साचा एकदाच वापरता येतो, कारण मूर्ती काढताना तो फोडावा लागतो. बाजारातील बहुतेक लहान मूर्ती याउलट वाळूच्या दोन पेट्यांत, जुन्या मूर्तीचा छाप घेऊन ओततात. अशा मूर्तीच्या कुशीवरून पेट्यांच्या जोडाची बारीक रेघ जाते. कानशीने ती घासली तरी काखेत व मांडीच्या वळणात उरते. पितळ थिजताना दीड-दोन टक्के आक्रसते. म्हणून छापावरून छाप घेत गेले की रांगणारा बाळकृष्ण प्रत्येक पिढीत किंचित लहान होतो, आणि हातातला लोण्याचा गोळा व बोटे एकजीव होत जातात.

संग्रह : लग्नात गौरीहर पुजून नवरी माहेरची अन्नपूर्णा व बाळकृष्ण सासरी आणते. त्यामुळे या मूर्तींचा प्रवास मुलींच्या वाटेने होतो आणि एकाच देवघरात तीन-चार घराण्यांचे ओतकाम सापडते. भांडी बाजारात किंवा पंचवटीत विकत घेतलेली मूर्ती नाशिकची, असे धरून चालणे ही संग्राहकांची नेहमीची चूक. तीर्थक्षेत्राच्या बाजारात अलीगढ-मुरादाबादचा मालही येतो. वयाचा अंदाज चेहऱ्यावरून बांधू नये. रोज चिंच-राखेने घासल्याने नाक-डोळे आधी जातात आणि पन्नास वर्षांची मूर्तीही दोनशेची वाटते. बैठक उलटी करून पाहावी : घासणारा हात तिथे फारसा पोचत नाही, त्यामुळे कानशीचे ओरखडे, रस ओतल्या जागेचा तुटका दांडा व वाळूचा खरखरीतपणा तसाच राहतो.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती पुरावशेष व कलासंपदा अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरते. तिची नोंदणी करावी लागते व खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेली सापडल्यास १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होतो.