काउबॉय बूट, हस्तनिर्मित

काउबॉय बूट, हस्तनिर्मित : घोड्यावरून गुरे हाकणाऱ्या अमेरिकी गुराख्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सस आणि कॅन्ससमध्ये घडत गेलेले पादत्राण. पोटरीपर्यंत चढणारी चामड्याची नळी, खाली निमुळती होत जाणारी उंच टाच, गुळगुळीत चामडी तळ आणि नळीवरचे रंगीत शिवणकाम ही त्याची ओळख. त्याला नाडी नसते, बक्कल नसते, चेनही नसते. आत गेलेल्या पायाला धरून ठेवणारी मुख्य जागा एकच : घोट्याच्या पुढचा, पावलाच्या पाठीवरचा उंचवटा. तिथे चामडे सैल पडले तर टाच आत घासून सोलून निघते. आवळ झाले तर बूट चढतच नाही. म्हणून या बुटाची पारख मापापासून सुरू करावी लागते, नक्षी नंतर.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तेव्हा टेक्ससमध्ये गुरे उदंड होती आणि मांसाला भाव उत्तरेत होता. १८६७ मध्ये कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरे रेल्वेत चढवण्याची सोय झाली आणि टेक्ससमधून मोठमोठे कळप चिझम ट्रेल नावाच्या गुरांच्या वाटेने तिकडे निघू लागले. घोड्यावरून गुरे राखण्याची रीत, तिचे बरेचसे साज आणि कसब मेक्सिकोच्या ‘वाकेरो’ स्वारांकडून आले होते. पायात मात्र सुरुवातीला लष्करी किंवा वेलिंग्टन धाटणीचे, म्हणजे बिननाडीचे उंच चामडी, बूट असत. महिनोन्महिने खोगिरावर बसणाऱ्या माणसाला काय हवे, हे वाटेवरच्या कारागिरांना हळूहळू कळत गेले. ओलेथ येथील हायर घराणे आणि कॉफीव्हिल गावचे कारागीर कॅन्ससमध्ये नावारूपाला आले. टेक्ससमध्ये एच. जे. जस्टिन यांनी १८७९ मध्ये रेड नदीकाठच्या स्पॅनिश फोर्टला दुकान थाटले आणि १८८९ मध्ये ते रेल्वेमार्गावरच्या नोकोना गावी हलवले. गिऱ्हाइकाने घरीच पाय मोजून टपालाने माप पाठवायचे, ही त्यांची युक्ती दूरवरच्या गुरेवाड्यांपर्यंत पोचली. त्यांच्या पश्चात मुलांनी १९२५ मध्ये धंदा फोर्ट वर्थला नेला. मुलगी ईनिड मात्र गाव सोडायला तयार झाली नाही. तिने त्याच वर्षी नोकोना बूट कंपनी उभी केली आणि पुढे अनेक दशके स्वतः चालवली. या व्यवसायाच्या इतिहासात तिच्याइतके ठसठशीत व्यक्तिमत्त्व क्वचितच आढळते.

दक्षिणेत लष्करी छावण्यांनी कारागिरांना आधार दिला. सिसिलीहून आलेल्या सॅम लुकेझी यांनी १८८३ मध्ये सॅन अँटोनिओत, तर टोनी लामा यांनी १९११ मध्ये एल पासोत काम सुरू केले. दुकानांवर ही नावे झळकली, पण एल पासो आणि रिओ ग्रांदे खोऱ्यातील बुटांमागे मोठ्या प्रमाणावर मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकी हात होते आणि आहेत. मर्सिडीस गावचे रिओस घराणे तर आपली परंपरा मेक्सिकोतील १८५३ सालापासून सांगते. त्या हातांचा उल्लेख न करता लिहिलेला या बुटाचा इतिहास अपुराच राहतो.

बुटाची घडण घोड्यावरच्या गरजेतून आली. उंच टाच रिकिबीला अडते, त्यामुळे पाऊल पलीकडे घुसत नाही. तळ गुळगुळीत असल्याने घोडा उधळून स्वार पडला तर पाय रिकिबीतून निसटू शकतो. तरीही बूट अडकलाच, तर वरून सैल असलेल्या नळीतून पाय सुटण्याची आशा असते. काटेरी झुडपांपासून आणि सापांपासून पोटरी वाचवणे हे नळीचे काम. अणकुचीदार टोक मात्र मूळचे नाही. जुने बूट बहुधा गोलसर किंवा चौकोनी टोकाचे असत; टोकदार आकार १९४०-५० च्या सुमारास लोकप्रिय झाला. तोवर सिनेमातल्या काउबॉयने बुटाचे रूप पालटून टाकले होते. फुलपाखरे, गरुड, पत्त्यांची चित्रे, मालकाची आद्याक्षरे नळीवर आली. कातड्यात खिडकी कापून मागून दुसऱ्या रंगाचे कातडे बसवायचे, किंवा वरून कापून जोडायचे, असे हे काम चालते. नळीवरच्या शिवणीच्या ओळी केवळ शोभेच्या नाहीत : बाहेरचे कातडे आणि अस्तर त्यांनी एकजीव होते, आणि नळी ढासळत नाही.

हाताने बूट करणारा कारागीर आधी पाय कागदावर आखून घेतो. मग फितीने बोटांमागचा रुंद भाग, कमरेसारखा आत गेलेला मधला भाग, उंचवटा, टाचेपासून उंचवट्यावरून जाणारा घेर, घोटा आणि पोटरी अशी मापे दोन्ही पायांची वेगळी घेतो. दोन्ही पाय सहसा सारखे नसतात. या मापांवरून पायाचा साचा, म्हणजे लास्ट, तयार होतो. त्यावर जिथे पाय भरीव असेल तिथे चामड्याचे तुकडे चिकटवून आणि तासून उंची वाढवतात. हुशारी इथे लागते, कारण साचा पायाची नुसती नक्कल असून चालत नाही : उभे राहिल्यावर पाऊल पसरते, नवे चामडे पुढे ताणले जाते, आणि या दोन्हींचा अंदाज आधीच बांधावा लागतो.

पुढचा पंजा सपाट कातड्यातून निघतो, म्हणून तो ओला करून फळीवर ताणून वाळवतात आणि त्याला वळण देतात. नळीचे पुढचे-मागचे भाग आतली बाजू बाहेर ठेवून कडेने शिवतात, मग ओलावून उलटतात. जाड चामड्याची नळी उलटणे हे ताकदीचे काम आहे. यानंतर वरचा भाग साच्यावर चढवून पकडीने खेचत खिळ्यांनी अडकवतात. आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने वरचे कातडे, आतला तळ आणि वेल्ट नावाची चामड्याची पट्टी एकत्र शिवली जाते. तळव्याच्या कमानीखाली पोलादाची शँक, म्हणजे आधारपट्टी, बसते. काही जुने कारागीर मोठा खिळा ठोकून चपटा करत आणि तोच वापरत. कमानीच्या दोन्ही कडांना लाकडी खुंट्या ठोकतात. ओल आली की लाकूड चामड्याबरोबर फुगते आणि वाळले की त्याच्याबरोबर आक्रसते, म्हणून खुंटीची पकड खिळ्यापेक्षा टिकाऊ. टाच चामड्याचे थर एकावर एक रचून, घासून तयार होते. आतला आणि बाहेरचा तळ वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या कातड्याचा असतो. हिरडा-बाभळीने कमावलेल्या कोल्हापुरी चपलेसारखाच तो वापराने पायाचा ठसा घेत जातो.

वरच्या भागासाठी वासराचे कातडे सर्वांत गुणी. ते पॉलिश घेते, वळते आणि वर्षानुवर्षे टिकते. शेळीचे आणि कांगारूचे कातडे हलके पण चिवट असते. शहामृगाच्या पाठीवरच्या, पिसांच्या खुणांचे उंचवटे असलेल्या भागाला मोठी किंमत येते. पायाचे कातडे स्वस्त. मगर, अजगर यांची कातडी आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, कक्षेत येतात. समुद्री कासवाचे जुने बूट एकेकाळी दिमाखाने विकले गेले. आज त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. असे बूट घेऊन भारतात येऊ इच्छिणाऱ्याने कागदपत्रे आधी तपासावीत. या लेखकाच्या मते साध्या वासराच्या कातड्यावर उत्तम शिवण असलेला बूट कोणत्याही दुर्मिळ कातड्याहून जास्त कौतुकास पात्र आहे.

ह्यूस्टन आणि डॅलसच्या परिसरात मराठी कुटुंबे बऱ्याच संख्येने राहतात. ह्यूस्टनचा पशुमेळा आणि रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या स्पर्धा, १९३२ पासून भरतो. त्याच्या आधीच्या, टेक्सनी पेहरावाच्या ‘गो टेक्सन’ दिवशी कार्यालयांत आणि शाळांतही बूट दिसतात. पहिला जोड बहुतेक जण अशाच निमित्ताने घेतात. तयार बूट घेताना संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोज्यांवर चढवून पाहावा. पाय आत शिरताना उंचवट्यापाशी थोडा अडून मग सटकन बसला तर माप जवळ आले असे समजावे. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते. तळ मऊ झाला की ते कमी होते. बोटांमागचा भाग मात्र पहिल्या दिवसापासून नीट बसला पाहिजे, तो ‘पुढे सैल होईल’ या भरवशावर घेऊ नये. आत हात घालून तळ चामड्याचा आहे की पुठ्ठ्याचा, अस्तर चामड्याचे आहे का, तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हे पाहावे. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून शिवणीच्या ओळी जुळतात का तेही बघावे.

मापाने करवून घेतलेल्या जोडाला हजार डॉलर सहज लागतात, नक्षीकाम वाढले तर कित्येक पट. आणि नामांकित कारागिराकडे महिनोन्महिने वाट पाहावी लागते. मोठे कारखाने विसाव्या शतकाच्या अखेरीस एकमेकांत विलीन होत गेले : नोकोना १९८१ मध्ये आणि टोनी लामा १९९० मध्ये जस्टिनच्या छत्राखाली आले, तर २००० मध्ये संपूर्ण जस्टिन समूह बर्कशायर हॅथवे या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने घेतला. नोकोना गावचा कारखाना १९९९ मध्ये बंद पडला. टेक्ससने २००७ मध्ये काउबॉय बुटाला राज्याचे अधिकृत पादत्राण ठरवले. छोटी दुकाने मात्र टिकून आहेत. एकदोन माणसे, एक जुने शिलाई यंत्र आणि भिंतीला टांगलेले गिऱ्हाइकांचे साचे एवढाच त्यांचा पसारा. साचा जपून ठेवलेला असल्याने पुढचा जोड पत्राने किंवा फोनवरून मागवता येतो, आणि वेल्ट शाबूत असेल तोवर झिजलेला तळ काढून नवा पुन्हा पुन्हा शिवून मिळतो.